नारिंगी छताचा खर्च

३ मार्च

आज पुन्हा ऑफिसच्या फाटकावर शोभा झाली. बाबांनी गाडी अगदी समोर आणून लावली, आई पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाली, "डबा घेतलास का? पाणी?" आणि मी मागचं दार उघडून उतरलो. रखवालदाराने सलाम ठोकला. त्यात आदर किती आणि गंमत किती हे कळण्याइतका मी शहाणा आहे. खरेदी विभागात मला 'युवराज' म्हणतात, हेही मला माहीत आहे. तोंडावर म्हणत नाहीत, एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे.

शेचाळीस वर्षांचा माणूस, लग्नाचं जमलं नाही ते नाहीच, आणि रोज आईवडिलांनी ऑफिसला पोचवायचा. मला गाडी चालवता येत नाही. दोनदा शिकायला गेलो. दुसऱ्यांदा शिकवणाऱ्याने स्वतःच हात जोडले. बसमध्ये मला लहानपणापासून मळमळतं, टॅक्सी रोज परवडत नाही. म्हणून ही वरात.

त्यात आईची बडबड. पूर्वी मी पुढे बसायचो. दोनेक वर्षांपासून हिला पुढे बसायची हौस आली आणि माझी रवानगी मागे झाली. घरापासून ऑफिसपर्यंत हिच्या तोंडाला विश्रांती नाही. "लाल आहे हो. आता झालं हिरवं. डावीकडून सायकल येतेय. थांबा, एक बाई रस्ता ओलांडतायत." जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला ही शिकवणार, आणि हिला स्वतःला साधी सायकल येत नाही. बाबा एका शब्दाने उलटून बोलत नाहीत. बायकोच्या इतक्या मुठीतला नवरा मी दुसरा पाहिला नाही. मी कानांत इयरफोन घालून डोळे मिटून घेतो.

९ मार्च

आई ताईकडे गेली. ताई जिन्यात पडली, पाय प्लास्टरमध्ये आहे, घरात दोन लहान मुलं. आई तीन-चार आठवडे तरी तिकडेच राहणार.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता तू पुढे बसत जा. आणि त्यांच्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"जे दिसेल ते."

म्हातारपणी माणसाला सोबत लागते, हे खरं आहे. हो म्हणालो.

१२ मार्च

पुढे बसलो. काय शांतता. गाडीत कुणी बोलत नाही हे सुख मी विसरलोच होतो.

बाबा मात्र अस्वस्थ वाटतात. दर थोड्या वेळाने विचारतात, "काय चाललंय रे बाहेर?" मी म्हणतो, "काही नाही, नेहमीचंच." चालवतात कासवासारखे. एखादी मोठी बस पकडतात आणि तिच्या मागोमाग जातात. बस थांबली की हे थांबणार, बस सुटली की हे सुटणार. मागचे हॉर्न वाजवून जीव खातात. मी उशिरा पोचतो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, बोलले नाहीत. न बोलण्यानेच मला जास्त लाज वाटली.

१४ मार्च

बाजारातल्या पार्किंगवाल्याचा ऑफिसात फोन. "तुमचे वडील दुसऱ्यांच्या गाड्यांना किल्ली लावतायत. तिसऱ्या गाडीचा मालक तापलाय, लवकर या."

टॅक्सी करून गेलो. बाबा हातात पिशवी घेऊन उन्हात उभे होते. आजूबाजूला सगळ्या पांढऱ्या गाड्या, आणि आमची गाडी पलीकडच्या रांगेत. मालक म्हणत होता, "चोर समजून दोन ठेवून दिल्या असत्या." बघ्यांमध्ये आमच्या इमारतीचे खजिनदार होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी. मी बाबांच्या समोर जाऊन उभा राहिलो, तरी हे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. "बाबा" म्हटल्यावर, "आलास का?"

तर असं आहे. विसरायला लागलेत. त्यांची मला काळजी वाटली असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर खजिनदारांसमोर लाज वाटली, काळजी नंतर. आईला फोनवर काही सांगितलं नाही. बाबाच म्हणाले, "तिला कशाला उगाच?"

१६ मार्च

गॅलरीतून खाली पाहताना कल्पना सुचली. आमच्या गाडीचं छत उन्हाने पार गेलंय. वरचा चकाकीचा थर सोलून निघालाय, उन्हात भाजलेल्या पाठीसारखा. नाहीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. मग छतावर रंगीत फिल्म का लावू नये? हल्ली सगळे लावतात. डोळ्यात भरेल असा रंग, नारिंगी म्हणा. शंभर गाड्यांत आपली गाडी लांबूनही ओळखू येईल. विसरभोळ्या माणसाला खूण म्हणून याहून चांगलं काय?

बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला लाज वाटली ना रे त्या दिवशी?" मी म्हटलं, "छे, लाज कसली." "कर मग काय करायचं ते," म्हणाले.

१८ मार्च

तीन ठिकाणचे भाव घेतले. आमच्या खात्यात मी टाचणीसुद्धा एका भावावर घेत नाही, मग हे कसं घेईन?

पहिलं दुकान काचेचं, आत गार हवा. नुसत्या छताचे चोवीस हजार. मी म्हटलं, अहो, छत रंगवायचंय, घर नाही. त्याने सुटलेला थर घासून काढणं, अस्तर लावणं, वाळवणं, मग भारीतली फिल्म, पाच वर्षांची हमी, असं सगळं वाचून दाखवलं. दुसरा सोळा म्हणाला, घासकाम त्यातच. तिसरा गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एकटाच काम करतो. त्याने छतावरून नख फिरवलं, पापुद्रा निघाला. "हे घासल्याशिवाय लावू नका साहेब. फिल्म चिकटते ती खालच्या थराला. थरच सुटला तर फिल्म काय करणार?"

"घासून किती?"

"बारा. आणि न घासता विचाराल तर नऊ, पण मी जबाबदार नाही."

मी आठला पाडलं. शिवाय फिल्म जरा हलकी, पाट्यांसाठी वापरतात ती, म्हणजे त्यालाही परवडेल. तो म्हणाला, "गाडीच्या छताला ही गोलाईत नीट बसत नाही. वाऱ्याने उचलते." मी म्हटलं, "आमची गाडी काही शर्यतीत जात नाही." तो हसला नाही. एकूण चोवीसचं काम आठात. हा आकडा ऑफिसात मी तिघांना तरी ऐकवला.

२० मार्च

गाडी शेडवर सोडली. फिल्मवाल्याने नमुन्यांचं पुस्तक बाबांपुढे धरलं. नारिंगीच्याच पाच-सहा छटा, शेजारी बाकीचे रंग. बाबांनी एकेका तुकड्यावरून बोटं फिरवली, सावकाश, कापड निवडावं तशी. खरखरीत होता त्यावर थांबून म्हणाले, "हा छान आहे."

"काका, तो काळा आहे," फिल्मवाला म्हणाला.

"हो, काळाच म्हणतोय मी. काळा बरा दिसतो."

बाबांना स्वतःची आवड आहे, ही मला नवीनच बातमी. पण काळ्याने आमचा उद्देशच बुडतो, म्हणून मी नारिंगी ठरवलं. फिल्मवाला माझ्याकडे बघत होता. काहीतरी म्हणणार होता. मग हात पुसून कामाला लागला.

पैसे बाबांनी दिले. घरून निघतानाच कपाटातून एक पाकीट काढून खिशात टाकलं होतं, त्यातले मोजून दिले. म्हणजे नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "तूच मोज." मी नको म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण वीस तारीख होती, खिसा रिकामा होता.

२२ मार्च

गाडी आली. लांबून झकास दिसते. जवळून, पुढच्या काचेच्या वर दोन फुगे आहेत आणि कडेला एक सुरकुती. खालच्या मजल्यावरची पोरं गाडीला 'भोपळा' म्हणू लागलीत. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सुंदर. रंग अगदी उठून दिसतोय."

रात्री आईचा फोन. बाबा बोलत होते. "हो, कपाटात आहे ना पाकीट. आहे म्हणतोय ना. असेल तसंच." फोन ठेवल्यावर मी डोळा मारला. या वयात बायकोपासून खर्च लपवायचा म्हणजे गंमत आहे. बाबा हसले नाहीत. त्यांनी बहुतेक पाहिलंच नाही.

२६ मार्च

फिल्मने पुढून तोंड उघडलं. काचेच्या वरची कड सुटलीय, गाडीने जरा वेग घेतला की फडफडते. आतून असं वाटतं की कुणी छतावर बसून ओली चादर झटकतंय. मी चिकटपट्टी लावली, ती संध्याकाळपर्यंत उडून गेली.

बाबा वैतागलेत. वैतागत नाहीत कधी, पण आज म्हणाले, "या आवाजात मला काही ऐकू येत नाही."

"ऐकायचंय काय त्यात? समोर बघायचं आणि चालवायचं."

उद्या-परवा फिल्मवाल्याकडे नेऊ म्हणालो. तो पैसे मागेल, म्हणून दोन दिवस टाळतोय.

२८ मार्च

आज काही लिहीत नाही.

२९ मार्च

लिहिलं नाही तर कालचा दिवस झालाच नाही असं थोडंच होणार आहे. लिहितो.

ऑफिसच्या अलीकडचं वळण. मी फोनवर होतो, खोक्यांचा भाव पाडत होतो. वरून फडफड चालू. उजव्या बाजूने एक बाई स्कूटरवरून येत होती. तिने हॉर्न वाजवला असणार, खूपदा वाजवला असं नंतर सगळे म्हणाले. मला फडफडीत ऐकू आला नाही, बाबांनाही नाही. मी समोर बघत नव्हतो. बाबांनी गाडी वळवली. आवाज फार मोठा झाला नाही. डबा पडावा तेवढाच.

बाई रस्त्यावर बसली होती. कोपर सोलवटलं होतं, पायाला लागलं होतं, स्कूटरचा आरसा लांब जाऊन पडला होता. दोन मिनिटांत गर्दी. बाबा गाडीला धरून धरून उतरले. एक जण अंगावर आला, "ओ काका, दिसत नाही का?"

बाबा म्हणाले, "नाही."

म्हणजे त्यांनी वाद घातला नाही. मला तेव्हा वाटलं, माफी मागायची ही त्यांची पद्धत. गर्दी आणखी चिडली. ऑफिसचं फाटक समोर दिसत होतं, रखवालदार धावत आला, त्याच्यामागे आमच्या खात्यातले दोघे. मध्ये ती भोपळ्यासारखी गाडी, फिल्म फाटून लोंबतेय. कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

मी म्हणालो, "कुणी नाही. वाटेत लिफ्ट घेतली होती."

हे मी म्हणालो. रखवालदार, जो दोन वर्षं रोज बाबांना बघतो, त्याच्यासमोर म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. बाबा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि त्या माणसाला म्हणाले, "हो, यांचा काही संबंध नाही. त्यांना जाऊ द्या, ऑफिसला उशीर होईल."

आणि मी गेलो. फाटकातून आत गेलो, जिना चढलो, खुर्चीवर बसलो. बाईला दवाखान्यात रखवालदार आणि बाबा घेऊन गेले, गाडीही नंतर रखवालदारानेच घरी आणून सोडली. सुदैवाने हाड मोडलेलं नाही. खात्यात दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नाही. 'युवराज' म्हणाले असते तरी चाललं असतं.

मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती. त्या क्षणी मला बापाची लाज वाटत होती, आणि बाप माझी लाज राखत होता.

३१ मार्च

सकाळी बाबा नेहमीच्या वेळेला बूट घालून, हातात किल्ली घेऊन दाराशी तयार. "चल, निघू या." जसं काही झालंच नाही. मी म्हटलं, बरं वाटत नाहीये, सुट्टी घेतो. त्यांनी किल्ली खुंटीवर टांगली. पहिल्यांदा खुंटी चुकली, किल्ली पडली, मग जमीन चाचपून त्यांनी ती उचलली आणि भिंत चाचपून खुंटी शोधली. हे सगळं मी रोज पाहत असणार. पाहत असणार, आणि तरी विसरभोळेपणा असं नाव देऊन मोकळा झालो होतो.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला किती दिसतं?"

"उजेड दिसतो. माणूस दिसतो, कोण ते नाही कळत. धुक्यात असतं ना, तसं."

"आणि रंग?"

"रंगाचं काय एवढं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तू हौसेने केलंस रे."

दुपारी गाडी इमारतीखालीच ठेवून चालत फिल्मवाल्याकडे गेलो. फिल्म काढून अर्धे तरी पैसे परत दे, असं म्हणालो. मला असं म्हणवलं कसं कोण जाणे. तो म्हणाला, "लावलेली फिल्म म्हणजे ओढून टाकलेली सिगारेट, साहेब, परत घेऊन काय करू? आणि आता काढली तर खालचा उरलासुरला रंगही घेऊन येईल. घासायचे चार वाचवलेत ना तुम्ही, आता पत्र्यापासून काम आहे. वीसच्या खाली कुणी करणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकांना दिसत नाही, हे मला त्या दिवशीच कळलं होतं. मी बोलणार होतो. पण तुम्ही शेजारीच उभे होतात. म्हटलं, मुलाला माहीत नसेल असं कसं होईल."

२ एप्रिल

आई आली. बाबांनी सांगितलं नव्हतं, मीच फोन करून सगळं सांगितलं होतं. सगळं म्हणजे लिफ्टचंही.

आल्या आल्या तिने कपाट उघडून पाकीट पाहिलं. मी मागे उभा होतो. "डोळ्यांचे का हे पैसे?" ती हो म्हणाली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांना. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला रडू यायला लागलं. मग मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने मोठेपणा घेतला. म्हटलं, "आई, मला सांगायचं होतंस. पैशांसाठी दोन वर्षं अंगावर काढलंत? मी काय मेलो होतो? उद्याच्या उद्या ऑफिसातून आगाऊ उचलतो."

"पैसे होते रे," आई म्हणाली. "पाकीट तेव्हापासून भरलेलंच होतं."

"मग?"

ती साड्यांच्या घड्या करत होती. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे होईपर्यंत दोन महिने गाडीला हात लावायचा नाही. हे म्हणाले, दोन महिने याला कोण सोडणार? तुला बस सोसत नाही. म्हटलं, मी बसते पुढे, मी सांगत जाईन. तेवढंच ना."

तिच्या स्वरात राग असता तर मी उत्तर दिलं असतं. राग नव्हता. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. बाबा तिथे रेडिओ ऐकत होते. त्यांनी आवाज कमी केला आणि शेजारी जागा करून दिली.

१० एप्रिल

आज उजव्या डोळ्याचं झालं.

दवाखान्यात सकाळी लवकर बोलावलं होतं. टॅक्सीने गेलो. त्या स्कूटरवाल्या बाईंकडे काल जाऊन आलो, आरशाचे आणि दवाखान्याचे दिले, आणि मी बाबांचा मुलगा आहे हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुमचे वडील दवाखान्यात सारखं म्हणत होते, माझ्या मुलाला यात ओढू नका." मान खाली घालून परत आलो. याहून खाली कशी घालतात ते मला माहीत नाही.

बाबांना हिरवा अंगरखा घालून बाकावर बसवलं होतं. डोळ्यात थेंब टाकले होते, त्यामुळे आता त्यांना माणसाचा आकारही कळत नव्हता. मी शेजारी बसलो. आई औषधांच्या खिडकीवर गेली होती. काही बोलावं असं फार वाटत होतं. त्या दिवसाबद्दल माफी मागायची होती, वाक्य घरून ठरवून आलो होतो. "बाबा," एवढंच म्हणालो.

त्यांनी माझा हात चाचपून धरला. त्यांना वाटलं मी घाबरलोय.

"दहा मिनिटांचं काम असतं म्हणे," ते म्हणाले. "तू नको थांबूस, तुला उशीर होईल. पण आज तू जाणार कसा?"

"बसने जाईन."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. आत न्यायला माणूस आला, त्याने त्यांना उठवलं, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.

"खिडकीपाशी बस," म्हणाले. "आणि मळमळलं तर उतरून जा, तसाच रेटू नकोस. दोनच महिने काढ कसेतरी. मग मी आहेच."

दार बंद झालं. मी ऑफिसला गेलो नाही. तिथेच बाकावर बसून राहिलो.